‘आपल्याला इंग्रजी जमायचे नाही!’

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गाढवी नदीवर इटियाडोहाचे धरण आहे. १९७० च्या सुमारास ते बांधून झाले. तेव्हा हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. मातीचा बांध, त्याच्यामागे पसरलेले पाणी, भोवती जंगलाने भरलेल्या टेकड्या आणि खाली कालव्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या, असे तेथील दृश्य आहे. पाऊस भरपूर झाला की सांडव्यावरून पाणी वाहू लागते आणि ‘धरण ओव्हरफ्लो झाले’ ही बातमी गावोगाव पोहोचते. मग ते पाहायला माणसे गाड्या भरभरून येतात.

काही वर्षांपूर्वी नववीच्या मुलामुलींना घेऊन मीही असाच तेथे गेलो होतो. सांडवा, कालव्याचा उतार आणि पाण्याचा दाब हे सहलीचे विषय होते. परत आलो तेव्हा माझ्या वहीत पाण्याच्या दाबाविषयी चार ओळी आणि भाषेविषयी चार पाने होती. तीच आज तुमच्यापुढे मांडीत आहे. विज्ञानाच्या मासिकात भाषेचे काय काम, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळविणारी कितीतरी मुले अकरावीला विज्ञान शाखेकडे पाठ फिरवितात. कारण विचारले तर भौतिकशास्त्र अवघड आहे असे ती सांगत नाहीत. ‘तिथे सगळे इंग्रजीत असते’ असे सांगतात. मूल ज्या कारणाने विज्ञान सोडते ते कारण खरे की खोटे, हे तपासणे विज्ञानाच्या शिक्षकाचेच काम आहे.

त्या दिवशी कालव्याकाठच्या एका शेतात पाण्याचा पंप चालू होता. त्यावर इंग्रजीत माहिती कोरलेली पत्र्याची पट्टी होती. ‘वाच पाहू,’ असे मी एका मुलाला म्हटले. तो दोन पावले मागे सरकला आणि म्हणाला, ‘सर, आपल्याला इंग्रजी जमायचे नाही.’ बाकीची मुले हसली. पण त्या हसण्यात चेष्टा नव्हती, दुजोरा होता. ‘बरे, मग हा पंप कसला आहे ते तरी सांग,’ असे म्हटल्यावर तोच मुलगा घडाघडा बोलू लागला. ‘तीन एचपीची मोटार आहे सर. व्होल्टेज डाऊन झाला की कॉइल जळते. म्हणून स्टार्टर बसवला आहे.’ या तीन वाक्यांत इंग्रजी शब्द किती आले ते तुम्हीच मोजा. ते इंग्रजी आहेत हे त्याच्या गावीही नव्हते.

मला गंमत वाटली. मी प्रत्येकाला कागदाचा एक तुकडा दिला आणि सांगितले, ‘तुम्हाला कोणकोणत्या भाषा येतात ते लिहा. नाव लिहू नका.’ बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘मराठी’ हा एकच शब्द होता. काहींनी ‘थोडी हिंदी’ अशी भर घातली होती. एका चिठ्ठीवर ‘इंग्रजी येत नाही’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. जे येत नाही ते इतक्या ठासून सांगण्याची गरज का भासावी?

मग मी समोरच्या जलाशयाकडे बोट दाखवून विचारले, ‘याला तुमच्या घरी काय म्हणतात?’ प्रथम ‘पाणी’ असे पुस्तकी उत्तर आले. ‘पुस्तकात नव्हे, घरी!’ असे म्हटल्यावर ‘पानी’ असे उत्तर आले आणि हशा पिकला. एक मुलगी हळूच म्हणाली, ‘आमच्याकडे येर म्हणतात.’ ती गोंडी बोलणाऱ्या घरातली होती. अरुणनगरकडच्या एका मुलाने ‘जल’ सांगितले, पण ओठ गोल करून, जवळजवळ ‘जॉल’ असे. त्याचे आजोबा पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आले होते. कोणाच्या घरी पोवारी होती, कोणाची आई छत्तीसगडकडची होती. एवढ्यात गोठणगावचा एक मुलगा म्हणाला, ‘तिबेटी लोक छू म्हणतात.’ पुन्हा हशा! आपण कुत्र्याला जे म्हणतो तेच! पण तो मुलगा खरे सांगत होता. तिबेटी भाषेत पाण्याला आणि नदीला ‘छू’ म्हणतात. ल्हासा शहराजवळून वाहणाऱ्या नदीचे नावच ‘क्यी छू’ असे आहे. ‘तुला कसे रे ठाऊक?’ ‘त्यांच्या पोरांसोबत क्रिकेट खेळतो ना सर.’

इटियाडोहाच्या काठी तिबेटी भाषा कोठून आली, असा प्रश्न बाहेरगावच्या वाचकांना पडेल. १९५९ नंतर तिबेटमधून हजारो लोक भारतात आले. त्यांच्यासाठी देशात ठिकठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांपैकी ‘नोरग्येलिंग’ ही वसाहत १९७२ साली गोठणगावजवळ वसली. थंड पठारावरची माणसे विदर्भाच्या उन्हात येऊन धानाच्या मुलखात शेती करू लागली, आणि हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकू लागली. त्यांची मुले घरी तिबेटी बोलतात, शाळेत इंग्रजी व हिंदी शिकतात आणि बाजारात मराठीत घासाघीस करतात. ती मराठी त्यांना कोणी शिकविली? धडा नाही, शब्दार्थ नाहीत, सराव परीक्षा नाही.

म्हणजे एका धरणाच्या काठावर, एका सहलीतल्या मुलांत, पाण्याला अर्धा डझन नावे निघाली. चिठ्ठ्यांवर मात्र गोंडी नव्हती, बंगाली नव्हती, पोवारी नव्हती. जी बोलता येते ती भाषा, ही व्याख्या मुलांना मान्यच नव्हती. शाळेत जिची परीक्षा होते ती भाषा. बाकीचे नुसते बोलणे! गोंडी बोलणाऱ्या त्या मुलीला मी तीन आणि चार म्हणायला सांगितले. ‘मूंद, नालुंग,’ ती म्हणाली. तेलुगूत हेच ‘मूडु, नालुगु’ होतात. गोंडी ही तेलुगू, तमिळ यांच्याच द्राविड कुळातली भाषा आहे. सिरोंच्याच्या पलीकडची जी भाषा नागपूर-पुण्याच्या मुलांना अगदी परकी वाटते, तिच्या उंबरठ्यावर ही मुलगी आधीच उभी आहे. हे तिला कोणी सांगितलेले नव्हते.

‘आपल्याला जमायचे नाही’ हे वाक्य ऐकले की विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारले पाहिजे, हा निष्कर्ष आहे की नुसते गृहीतक? निष्कर्ष असेल तर प्रयोग केव्हा केला? भाषा शिकण्याविषयी विद्यार्थ्यांच्या मनात जी गृहीतके असतात त्यांचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातील एलेन हॉरविट्झ यांनी १९८० नंतरच्या दशकात केला. त्यांनी एक प्रश्नावली तयार केली आणि परकी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून ती भरून घेतली. भाषेची देणगी काही जणांना जन्मतःच असते, असे बहुतेकांना वाटत होते. पण ती आपल्याला आहे असे फारच थोड्यांना वाटत होते. पाहा, अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठातील विद्यार्थी आणि कालव्याकाठचा आपला विद्यार्थी यांचे म्हणणे एकच! देणगी आहे खरी, पण ती शेजारच्या बाकावर बसणाऱ्याला. काही माणसे भाषा लवकर उचलतात हे खरेच आहे, जसे काही जण लवकर पोहायला शिकतात. पण म्हणून उरलेल्यांनी पाण्यात उतरूच नये असे कोणी म्हणत नाही.

दुसरी समजूत वयाची. ‘लहानपणी इंग्रजी शाळेत घातले असते तर आले असते, आता वय गेले,’ असे चौदा वर्षांची मुले मला सांगतात! चौदाव्या वर्षी वय गेले म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यावे? पण या समजुतीत थोडे तथ्य आहे, म्हणून ती नीट तपासली पाहिजे. नेदरलँड्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजी भाषिक कुटुंबांचा एक अभ्यास कॅथरीन स्नो आणि मरियन हूफनागेल-होले यांनी १९७८ साली प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या बालकांपासून प्रौढांपर्यंत सर्वांना डच भाषा किती वेगाने येते हे त्यांनी पाहिले. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत पुढे कोण होते? बारा ते पंधरा वर्षांची मुले आणि मोठी माणसे. तीन ते पाच वर्षांची बालके सर्वांत मागे होती. म्हणजे आरंभीच्या वेगात तुमचेच वय सर्वांत सोयीचे. पुढे २०१८ साली हार्टशॉर्न, टेनेनबाउम आणि पिंकर यांनी संगणकाच्या जाळ्यावरून सुमारे ६ लाख ७० हजार माणसांची इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेतली आणि व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण सतराव्या वर्षापर्यंत टिकते, मग उतरू लागते, असा अंदाज बांधला. या निष्कर्षावर पुढे वादही झाले. पण उतरू लागते म्हणजे संपते असे नव्हे, हे वादातल्या दोन्ही पक्षांना मान्य आहे.

उच्चारांची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती फार मजेची आहे. कॅनडात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली तान्ह्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात वापरलेले ध्वनी आपल्या ओळखीचे आहेत. हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’! इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला या दोहोंतला फरक ऐकूच येत नाही. बाळाला आईच्या मांडीवर बसवून ध्वनिवर्धकातून एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवीत आणि मध्येच ते बदलीत. अक्षर बदलले की बाजूला एक खेळणे उजळून हलू लागे. बदल ओळखणारे बाळ खेळण्याच्या आशेने आधीच मान वळवी. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी ट आणि त यांतला फरक ओळखला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळजवळ ओळखता येईना. घरात जो फरक लागत नाही तो ऐकण्याचे कान वर्षाच्या आतच सोडून देतात.

तुम्ही स्वतः करून पाहा. ‘त’ म्हणा, जीभ दातांना लागते. ‘ट’ म्हणा, जीभ वर वळून मागे टेकते. इंग्रज माणूस ‘टेबल’ म्हणतो तेव्हा त्याची जीभ या दोहोंच्या मध्ये, दातांमागच्या उंचवट्याला लागते. त्याच्यापाशी एक ध्वनी, आपल्यापाशी दोन. त्याचा ध्वनी आपण आपल्या ‘ट’च्या खणात टाकतो. याच्या उलटही होते. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू या अक्षरांचे दोन वेगळे उच्चार आहेत. आपला ‘व’ एकच, त्यामुळे आपली गफलत होते. तेव्हा तुमचा उच्चार साहेबासारखा झाला नाही तर तो तुमच्या बुद्धीचा दोष नाही, तुमच्या पाळण्यातल्या कानांचा गुण आहे. उच्चार थोडा वेगळा राहिला म्हणून बिघडत काहीच नाही. समजण्याजोगा असला की पुरे.

वय गेले म्हणणाऱ्यांसाठी आपल्या विदर्भातलीच दोन माणसे सांगतो. पवनारचे विनोबा भावे १८९५ साली जन्मले. १९४२ च्या आंदोलनातील तुरुंगवासात त्यांनी वेल्लोरच्या तुरुंगात तेलुगू, तमिळ, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास केला. तेव्हा वयाची पंचेचाळिशी उलटून गेली होती. दुसरे मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५). इटियाडोहापासून फार दूर नसलेल्या नवेगाव बांधच्या जंगलात त्यांनी वनाधिकारी म्हणून काम केले, गावकऱ्यांच्या तोंडची पक्ष्यांची आणि झाडांची नावे टिपली, संस्कृतचा अभ्यास केला आणि जर्मन व रशियन याही भाषांचा केला. त्यांचा ‘पक्षीकोश’ तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात असेल तर जरूर उघडा. जंगलातली नोकरी करणारा माणूस हे करतो, तेव्हा वय आणि गाव यांची सबब जरा लंगडी पडते.

आता पालकांची लाडकी समजूत. घरी मराठी बोलले, किंवा गोंडी बोलले, तर मुलाचे इंग्रजी बिघडते. डोक्यात दोन भाषांचा गोंधळ होतो. एके काळी शास्त्रज्ञही असेच म्हणत असत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन भाषा बोलणाऱ्या मुलांना बुद्धिमापन चाचण्यांत कमी गुण मिळतात असे दाखविणारे बरेच अभ्यास झाले. मग १९६२ साली माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी त्यांतली चूक दाखवून दिली. आधीच्या अनेक अभ्यासांत गरीब स्थलांतरितांच्या दुभाषी मुलांची तुलना सुस्थितीतल्या एकभाषी मुलांशी केलेली होती. फरक गरिबीचा होता, खापर भाषेवर फुटले होते. पील आणि लँबर्ट यांनी सारख्या आर्थिक थरांतील दहा वर्षांची मुले घेतली, तेव्हा दोन भाषा जाणणारी मुले मागे तर नव्हतीच, उलट पुढे होती. त्यांच्याही निवडपद्धतीवर नंतर आक्षेप आले, पण ‘दोन भाषांनी डोके बिघडते’ हे मत पुन्हा उभे राहिले नाही. पालकांच्या मनात मात्र ते अजून ठाण मांडून बसले आहे. प्रयोगात तुलना कोणाशी केली, हे आधी विचारावे, एवढे जरी विद्यार्थ्यांनी यातून घेतले तरी चालेल.

हे सारे एका बाजूला ठेवले तरी माझ्या मते खरा अडसर अजून पुढेच आहे. तो म्हणजे हसण्याचे भय.

झाडीपट्टीतल्या मुलांना हे भय इंग्रजीच्या आधी मराठीनेच शिकविलेले असते. येथील झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. डोळ्याला ‘डोरा’ म्हणतात. मूल शाळेत येते आणि पहिल्याच आठवड्यात त्याला कळते की आपण आईपाशी बोलतो ते ‘अशुद्ध’ आहे. घरी धानाचे पऱ्हे टाकतात आणि बांधीत रोवणी करतात. पुस्तकात भाताची रोपे असतात आणि त्यांची लावणी खाचरात होते. म्हणजे या मुलाला शाळेत आल्याबरोबर एक दुसरी मराठी शिकावी लागते. आणि ते ती शिकते! चौथी-पाचवीपर्यंत दोन्ही मराठी त्याला येऊ लागतात, कोठे कोणती बोलायची हेही कळते. हा एवढा मोठा पराक्रम. पण त्याची नोंद कोठेच होत नाही. नोंद होते ती चुकलेल्या ‘ळ’ची. मीही माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत वर्गात ‘डोरा’ ऐकून हसलो आहे. तो मुलगा त्यानंतर वर्षभर हात वर करीत नसे. तेव्हा त्याचा संबंध मला कळला नव्हता.

अशा मुलापुढे इंग्रजी येते तेव्हा ते तोंड मिटून घेते, यात नवल काय? हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली परक्या भाषेच्या वर्गातील भीती मोजण्याची एक श्रेणी तयार केली. इतर विषयांत धीट असलेली मुलेही भाषेच्या वर्गात घाबरतात, असे त्यांना आढळले होते. कारण सरळ आहे. गणित चुकले तर उत्तर चुकते. भाषा चुकली तर बोलणाराच हास्यास्पद ठरतो. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. ते दूध माणसाच्या मुलाला कितपत मानवते, याचा प्रयोग मी केलेला नाही. पण या उपमेने दुधाआधी वाघीण दिसते, हे मात्र पाहिले आहे.

आता थोडे गणित करू. समजा वर्गात ४० विद्यार्थी आहेत आणि इंग्रजीचा तास ३५ मिनिटांचा आहे. शिक्षक निम्मा वेळ बोलले आणि उरलेला सर्व वेळ मुलांना समान वाटून दिला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २६ सेकंद येतात. वर्षाचे २०० तास धरले तर होतात साधारण ८७ मिनिटे. वर्षभरात दीड तासही नाही! आणि हा हिशेब फार उदार धरलेला आहे. प्रत्यक्षात शिक्षक निम्म्याहून अधिक बोलतात आणि उरलेला वेळ पहिल्या बाकांवरचे चार जण वापरतात. शेवटच्या बाकावरच्या मुलाची वर्षाची बेरीज काही सेकंदांच्या पुढे जात नसावी. याउलट आठवड्याच्या बाजारात आईबरोबर बसणारे तिबेटी मूल एका सकाळीच तुमच्या वर्षभराच्या इंग्रजीहून अधिक मराठी बोलते. ते चुकते, गिऱ्हाईक हसते, ते पुन्हा बोलते, कारण माल विकायचा असतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. दहा वर्षे शिकूनही बोलता येत नाही, अशी तक्रार आपण करतो. दहा वर्षे नव्हे हो, दहा गुणिले दीड तास म्हणा. म्हणजे तक्रारीचे उत्तर आपोआप मिळेल.

पाठांतराविषयी थोडक्यात सांगतो. परीक्षेच्या आदल्या रात्री शंभर शब्दार्थ घोकणाऱ्यांसाठी जर्मनीतल्या हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच निकाल देऊन ठेवला आहे. स्वतःवर प्रयोग करून त्यांनी दाखविले की, विसरण्याचा वेग आरंभी सर्वांत जास्त असतो आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते.

मी असे म्हणत नाही की वृत्ती बदलली की इंग्रजी आपोआप येते. ज्या शाळेत शिक्षकाची जागाच रिकामी आहे, ग्रंथालयाचे कपाट कुलूपबंद आहे, तेथल्या मुलाला ‘तुझा दृष्टिकोन सुधार’ असा उपदेश करणे हा अन्याय आहे. शिवाय इंग्रजीची वाक्यरचना आपल्याहून उलटी, लेखन आणि उच्चार यांचा मेळ नाही, वेळ लागणारच. बाजारातली मराठी येणे वेगळे आणि इंग्रजीतले भौतिकशास्त्राचे पुस्तक वाचणे वेगळे, हेही मला मान्य आहे. पण पुस्तकाची भाषा एका दृष्टीने बोलण्याहून सोपी असते. तिच्यात शब्द थोडे, ठरावीक आणि पुन्हा पुन्हा येणारे असतात. त्यांतले निम्मे पंपाच्या त्या मुलाला आधीच पाठ होते. अकरावीच्या दारातून परत फिरण्याआधी एवढे तरी पाहायला हवे.

आणखी एक गोष्ट मला त्या सहलीत खटकली. जवळच्या तिबेटी मुलांना मराठी येते. आपल्या मुलांपैकी एकाला तिबेटी आले ते पाच-सहा शब्द, तेही क्रिकेटच्या कृपेने. लँबर्ट आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट गार्डनर यांनी १९७२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. परकी भाषा किती येईल हे कुवतीवर जितके अवलंबून असते तितकेच ती भाषा बोलणाऱ्या माणसांविषयी आपल्याला काय वाटते यावरही असते, असे त्यांचे म्हणणे होते. नोकरीसाठी भाषा शिकणे हीही प्रेरणा आहे आणि काही देशांत ती पुरेशी ठरते, असे त्यांनाच फिलिपाईन्समध्ये आढळले. पण फक्त तेवढीच प्रेरणा असली की बाकीच्या भाषा निरुपयोगी ठरतात, आणि त्या बोलणारी माणसेही. तिबेटी वर्णमाला मी त्या दुपारी वाळूत काढून दाखविली. पहिली ओळ ‘क ख ग ङ’. मुले चकित झाली. ती लिपी सातव्या शतकात भारतीय लिपीवरून घडविली, अशी तिबेटी परंपरा आहे. त्यात गंमत अशी की, ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च यांना आपण एकच अक्षर वापरतो, तिबेटीत अशा दोन ध्वनींना दोन वेगळी अक्षरे आहेत. आपलाच हा भेद त्यांच्या लिपीत पाहिल्यावर मुलांनी पुन:पुन्हा ‘चार चाके’ म्हणून पाहिले. नववीपर्यंत मराठी शिकूनही हा फरक त्यांच्या ध्यानात आलेला नव्हता. परक्या भाषेने स्वतःची भाषा दिसली, ती अशी.

शिक्षक मित्रांना माझी एकच सूचना आहे, आणि ती खर्चाची नाही. प्रयोगशाळेच्या तासाला साहित्याची नावे आणि कृतीची दोन-तीन वाक्ये मुलांनी जोडीजोडीने इंग्रजीत एकमेकांना सांगावीत. चूक तेथल्या तेथे सुधारू नये. तास संपताना दोन चुका फळ्यावर लिहाव्यात, कोणाच्या ते न सांगता. वीस जोड्या एकाच वेळी बोलू लागल्या की गलका होईल, मुख्याध्यापक डोकावतील. पण दहा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला २६ सेकंदांऐवजी पाच मिनिटे येतील.

आणि विद्यार्थी मित्रांनो, माझ्या हिशेबावर विश्वास ठेवू नका. पुढचा आठवडाभर इंग्रजीच्या तासाला घड्याळ घेऊन बसा. शिक्षक किती मिनिटे बोलले, पहिल्या बाकांवरची मुले किती, शेवटच्या बाकांवरची किती, आणि तुम्ही स्वतः किती सेकंद बोललात, याचा तक्ता करा. घरी, शेतात, बाजारात तुम्ही कोणकोणत्या भाषांत बोललात, तेही शेजारच्या रकान्यात लिहा. ‘पानी’ वेगळे लिहा, ‘पाणी’ वेगळे. तक्ता इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवायचे धाडस होत नसेल तर विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा. मोजमाप केल्याबद्दल ते तरी रागावणार नाहीत.